आल्या वाटेनं

आदरणीय अध्यक्षा सुमनबाई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, किल्लारीहून जीप भरून आलेली मंडळी, आपल्या कलामंडळाचे सारे कलावंत, आणि आज जिला निरोप द्यायचा ती सिस्टर लालरिनपुई, सर्वांना माझा नमस्कार.

मागचा फलक पाहिलात? ‘लालीबाई यांचा निरोप समारंभ.’ सत्तावीस वर्षं झाली, लातूरला अजून तिचं नाव लिहिता येत नाही. असो.

भूकंपानंतर मिझोरमहून नर्सेसची एक तुकडी किल्लारीला आली. बाकीच्या परतल्या, ही राहिली. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मराठी शिकली, आणि कॉन्व्हेंटवाल्या माझ्यापेक्षा अस्सल शिकली. पुढे इथे लातूरच्या दवाखान्यात लागली. आमच्या तालमीला पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "बाई, मला गाणं येतंय, नाटक न्हाई येत. पर शिकीन की."

आम्ही काय शिकवलं? सरहद्दीवरचं एक नाटक मी लिहिलं होतं. त्यात तिला चिनी शिपाई केलं. दिग्दर्शक चन्नबसप्पा म्हणाले, "हिला रंग फासायचं कामच न्हाई!" सगळे हसलो. तीही हसली. नायक तिला ढकलून म्हणायचा, "मिचमिच्या, आल्या वाटेनं चालता हो!" हमखास टाळी! पुढे शाळांनीही गॅदरिंगला हे नाटक बसवलं. मला केवढा अभिमान!

तिने एकदाच विचारलं, "बाई, मला एकडाव किल्लारीची बाई करा की."

मी म्हटलं, "तुला कोण किल्लारीची म्हणेल?"

मग कोरोना आला. मार्चमध्ये, शिकवणीचे क्लासेस बंद व्हायच्या आधी, ड्यूटीवर जाताना क्लासच्या गल्लीत पोरांनी तिला घेरलं. दगड मारले. डावी भुवई फाटली. ही ओरडली, "आईबाप न्हाईत का रं तुमाला?" तर एकजण म्हणतो, "आयला, चिनी मराठी बोलायलीय!"

कलामंडळ तिच्या पाठीशी उभं राहिलं, हे मला अभिमानाने सांगता येतं. आमचे ढोलकीवाले वाजिदभाई, गायिका हाजराबी आणि पडदे ओढणारा मन्मथ रोज तिला दवाखान्यापर्यंत पोचवायचे. पोलिसांनी हटकलं की हाजराबी म्हणायच्या, "बहन है हमारी, साब. अकेली कैसे छोडना?"

मी त्यातल्या एका पोराला गाठलं. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. "काय बोललास रे तिला?" असं दरडावलं. तो रडायला लागला. म्हणाला, "आजी, नाटकातलंच बोललो. मिचमिच्या, आल्या वाटेनं चालता हो. आमच्या गॅदरिंगला मीच नायक होतो."



दवाखान्याने तिला राहायचा आग्रह केला. मीही केला. ती म्हणाली, "बाई, आता समोरून पोरं आली की मी रस्ता बदलते. ह्या गावात मी कदी रस्ता बदलला न्हवता." उद्या ती जाते आहे. आल्या वाटेनं.

आयोजकांचे, पाहुण्यांचे, किल्लारीकरांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही पोटात घालाल, तुम्हाला सवय आहे. ते वाक्य मात्र पोटात घाल, असं लालरिनपुईला सांगायला मला तोंड नाही.