दर्यावर गेलेल्याचं नाव

बसा बाई. तिथं नको, त्या झाडाखाली नको, इकडे बदामाच्या सावलीत या — हां. छान दिवस आहे म्हणताय, तर छानच म्हणायचं, आकाशात ढगाचा ठिपका नाही, ऊन लख्ख, आणि वारा सकाळपासून असा पडलाय की माझ्या शर्टाची कॉलरसुद्धा हलली नाही. वारा नाही, आणि लाट मात्र — ऐकताय ना, कशी सावकाश येते, जड, मग जरा थांबते, मग वाळू ओढत मागं जाते — बरं, जाऊ दे. त्या झाडाचं सांगत होतो. ती हिरवी फळं बघितलीत, लहान सफरचंदासारखी? गोड लागतात म्हणे, आणि मग घसा असा सुजतो की पाणी उतरत नाही. पावसात त्याखाली उभं राहिलं तर पानावरचं पाणीसुद्धा अंगावर फोड उठवतं. बुंध्यावर लाल पट्टा असला की लांब राहायचं. एवढं लक्षात ठेवा, बाकी इथं चावणारं काही नाही — माणसं सोडून.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी कोण शिकवणारा, मला माझं नाव लिहिता येत नाही. दुकानात शिरलात की आधी गुड मॉर्निंग म्हणा, मग पाव मागा. सरळ पाव मागितलात तर मिस आयोना देईल, नाही असं नाही, पण कालचा देईल. बसमधून उतरायचं असलं की आतून पत्र्यावर टकटक करायचं, ओरडायचं नाही, त्या गाण्यात ऐकू कुणाला येतंय. ती पानापानांच्या छापाची सैनिकी विजार आणली असेल तर बॅगेतच राहू द्या, पोलीस काढून घेतात, तो कपडा इथं फक्त शिपायांचा. पायात समुद्री साळूचा काटा मोडला तर उपटत बसू नका, वर लिंबू चोळा. आणि पाण्यात उतरण्याआधी जरा वेळ नुसतं बसून दर्या बघायचा, घाई करायची नाही. वारा नसून लाट मोठी असेल तर गुडघ्याच्या पुढं जायचं नाही. तिला आम्ही तळलाट म्हणतो. लांब उत्तरेला कुठंतरी वादळ झालेलं असतं, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि ही इथपर्यंत चालत येते — होय, अशीच. आजच्यासारखीच.

नाही, नाही, मी आपलं उगाच. तुम्ही नारळाचं पाणी घ्या. तो समोर मासळीचा पिंजरा विणत बसलाय ना, तो कथबर्ट, माझा शेजारी, त्याच्याकडे कोयता आहे, देईल फोडून. त्याच्या तोंडाकडे बघू नका, तो जन्मलाच रुसलेला. तर — होडीचं राहिलं. होडीत बसायचं झालं तर आधी आत डोकवायचं. लोक इंजिनाचं विचारतात, इंजिन नवं आहे का, किती जोरात पळतं. इंजिन सोडा. वल्ही आहेत का ते बघायचं. दोर आहे का, प्यायचं पाणी आहे का. आणि किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जायचं, कुठं जातोय, केव्हा येतोय. तुमच्या यजमानांनी सांगितलं ना तुम्हाला? जेवायच्या वेळेला येतो म्हणाले? माझा मुलगाही मला तेच म्हणाला. ब्रेडफ्रूटचं फळ भाजून ठेवलंय मी दोघांपुरतं, तुमच्या यजमानांनाही वाढायचं असं चाललं होतं आमचं, खारा मासाही आहे. चुलीवरून उतरवलं केव्हाच. गार झालं.

ती? ती वल्ही, बाई. त्या भिंतीला टेकवलेली. — हो. ते दोघं गेलेत त्याच होडीची.

उठू नका, बसा, पाया पडतो तुमच्या, बसा आधी. तुम्ही उभ्या राहिलात की सगळे बघणार. मी मघापासून एवढी टकळी लावलीय ती कशाला? तुम्ही विचाराल म्हणून. होडी कुठंय, अजून कशी आली नाही — तुम्ही विचारलंत तर मला उत्तर देता येईल, आपणहून तोंड उघडता येत नाही मला. आमच्या या खाडीत तसं नाही चालत. होडी पाण्यात ढकलली की ती परत वाळूला लागेस्तोवर आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. मागून हाक मारायची नाही. उशीर झाला असं म्हणायचं नाही, शोधायला कुणाला पाठवायचं नाही. दर्याला ऐकू जातं म्हणतात. माझ्या आईनं एकदा खिडकीतून बाबांचं नाव घेतलं होतं, असंच, दिवस मावळताना, काळजीनं. बाबा आले नाहीत. त्यानंतर ती मरेपर्यंत या गावात कुणी तिला स्वतःहून गुड मॉर्निंग म्हटलं नाही. मी लहान होतो पण मला दिसत होतं.

पहाटे जाग आली तेव्हाच लाटेचा आवाज निराळा होता. खाली आलो तोवर त्यांनी होडी ढकललेली. तुमचे यजमान हात हलवत होते, टोपी नवी, आनंदात होते. मला वल्ही दिसली भिंतीला. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्या जवळ होते. मीही हात हलवला. — ते गेलेत त्या पांढऱ्या बेटावर उतरायला खडकातली एकच फट आहे, बाई. तळलाट चढली की ती फट मिटते. बेटावर उतरलेले असले तर तिथंच बसतील, उपाशी बसतील, पण बसतील. माझा मुलगा धीराचा असता तर बसला असता. पण जेवायला येतो म्हणालाय ना तो. शब्द दिला की धडपडतो, लहानपणापासून तसाच, आणि आता मला सारखं ते धडपडणंच दिसतंय डोळ्यांपुढं.

फोन आहे ना तुमच्याकडे? तिकडे बेटावर नाही लागायचा, किती वेळा लावाल. कोस्ट गार्डला लावा. आकडे धक्क्याच्या फळीवर रंगवलेत, लाल अक्षरात, मला वाचता येत नाहीत पण तेच ते. तुम्ही आमच्यातल्या नाहीत, तुम्हाला कसली आडकाठी नाही. लावा. हळू बोला फक्त.

लागला? — होडी पिवळी म्हणा, कडेला निळा पट्टा. दोघं. पांढऱ्या बेटाच्या मागच्या अंगाला. पहाटे गेलेत. वल्ही नाहीत — हो, ते सांगा, सांगितलंच पाहिजे. काय विचारतायत? — नाव. तुमच्या यजमानांचं सांगितलंत की. — होडीवाल्याचं. त्याशिवाय नाही का चालणार? म्हणा थिओफिलसचा मुलगा. म्हणा, म्हाताऱ्या थिओचा, सगळे ओळखतात. — पुरं नाव. होडीच्या कागदांवरचं.

थांबा, मीच सांगतो, धरा तो माझ्या कानाशी. हॅलो. हो साहेब. मी बापच बोलतोय. — लिंडन. लिंडन एनो. हो. लिंडन.

घ्या तुमचा फोन. — कथबर्ट उठला बघा. पिंजरा टाकून इकडेच येतोय, त्यानं ऐकलं, सगळं ऐकलं. तुम्ही जा बाई, घराकडे जा, तुमच्यादेखत नको हे. मला काय ऐकवायचं ते ऐकवू दे त्याला. ये, कथबर्ट. घेतलं मी नाव. बोल.

— हळू बोलला तो, तुम्हाला ऐकू आलं नसेल. म्हणाला, "सकाळपासून आम्ही सगळे तुझ्याच तोंडाकडे बघत होतो, थिओ, कधी बोलतोस म्हणून."