सात दिवसांचं घर

...आणि वर बस्बूसा, रव्याची मिठाई. एक किलो! रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाले बाबा, आपल्याला बोलावलंय. अहो, बोलावलंय म्हणजे कुणी? एका परक्या बाईनं फोन केला, 'अभिनंदन, आपला नंबर निवडला गेला आहे, आमच्याकडे हॉटेलात चहाला यावं, पत्नीला सोबत आणणं आवश्यक' असं कागदावरून घडाघडा वाचून दाखवलं, आणि आमचे बाबा, कैरोच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं मीटर तपासून निवृत्त झालेला माणूस, ज्याला म्हणे जिन्यात पाऊल टाकलं की कुठल्या मजल्यावर चोरून पाणी घेतायत ते कळायचं, तो माणूस माझ्या बहिणीच्या लग्नातला कोट चढवून, मिठाईचा खोका मांडीवर घेऊन मायक्रोबसमध्ये बसला. शेजारी आई. आईशेजारी मी. मी म्हटलं, बाबा, ती विकणारी माणसं आहेत. तर म्हणाले, "माणसं आहेत ना? मग झालं." मी म्हटलं, टाइमशेअर विकतात ते, समुद्राकाठचं एक घर बावन्न जणांना विकतात, प्रत्येकाला वर्षातला एक आठवडा. तर म्हणाले, "तुला काय कळतंय, शाहिंदा? तू कॉलेज सोडलेली."

हे एक वाक्य आहे आमच्या घरात. कशालाही चालतं. डाळ करपली, कॉलेज सोडलेली. नळ गळतोय म्हटलं, तुला काय कळतंय, कॉलेज सोडलेली. नळाचा आणि वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा काय संबंध, असं एकदा विचारलं होतं मी. तर आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

पण मला कळत होतं. तुम्हाला सांगते, मला त्या खोलीतल्या खुर्च्यासुद्धा कशा मांडलेल्या असतील ते कळत होतं, कारण कॉलेज सोडल्यावर दोन महिने मी तिथेच नोकरी केली होती. त्याच कंपनीत. कानाला फोन लावून 'अभिनंदन, आपला नंबर निवडला गेला आहे' म्हणणारी बाई मीच होते. दिवसाला दोनशे वेळा. कुणाचा काही नंबर निवडला जात नाही हो. पहिल्या दिवशी प्रत्येकीपुढे एक कागद ठेवतात आणि म्हणतात, तुमच्या ओळखीच्यांचे वीस नंबर लिहा. मी एकोणीस लिहिले. मामा, मावश्या, शाळेतल्या बाई, आमचा दाताचा डॉक्टर. विसावा सुचेना. मुकादमीण डोक्यावर उभी, "लवकर कर, पोरी." मग मी बाबांचा लिहिला.

हे घरी ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही बाबांना ओळखत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, घेतला एखादा आठवडा म्हाताऱ्यानं, आयुष्यभर मीटर तपासले, बसू दे वाळूत. बसू दे की. माझं काय जातंय? पण ते पैसे आईच्या गुडघ्यांचे होते. आम्ही कैरोच्या शुब्रा भागात पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, कधी नव्हती, तिच्यासाठी जागा सोडलीय, त्यात दाराशी बसणारा चौकीदार कांदे साठवतो. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. हॉटेलच्या त्या दिवसाआधी ती शेवटची खाली उतरली होती ती ईदला, आणि वर यायला तिला पाऊण तास लागला, प्रत्येक मजल्यावरच्या बाईनं खुर्ची बाहेर आणून दिली. बाकी वर्षभर ती सज्ज्यातून दोरीनं टोपली खाली सोडते, भाजीवाला भाजी घालतो, ती टोपली वर ओढते. गल्लीशी तिचा एवढाच संबंध. आणि शेजारच्याच इमारतीत, सगळी गल्ली जिला वग्दीची आई म्हणते, तिचं तळमजल्याचं घर रिकामं होतं. पागडी ठरलेली. बाबांची निवृत्तीची रक्कम हातात आलेली. फक्त बाबांनी उठून जायचं आणि हो म्हणायचं. पण बाबांचं आपलं, "बघू. घाई कसली?" वग्दीची आई काय पळून जाते का. चार महिने नुसतं बघू.

आणि ज्या माणसाला शेजारच्या इमारतीत जायला चार महिने पुरेनात, तो हॉटेलात पोचला वेळेच्या वीस मिनिटं आधी.

तिथला पोरगा हैथम. पांढरा शर्ट, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. बाबांनी खोका पुढे केला. त्या पोराला कळेना काय करावं. त्या टेबलांवर रोज शंभर माणसं येऊन बसतात, फुकटचा चहा पितात, उठून जातात. त्याच्यासाठी कुणी काही आणलेलंच नव्हतं. तो लाल झाला. मग त्यानं खोका उघडला, आम्हाला दिलं, शेजारच्या टेबलांवर फिरवलं, आणि बाबा असे बसले होते की जणू घरची सोयरीकच. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस इथून नाही म्हणून उठणार नाही.

मग हैथम सुरू झाला. "हाजीसाहेब," (बाबा हजला गेलेले नाहीत) "एक विचारू का? तुम्ही आयुष्यात स्वतःसाठी काय केलंत?"

चौथी ओळ. मला माहीत होती, कंपनी पाठ करायला देते त्या कागदावरची चौथी ओळ. तिच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं, थांबा, गिऱ्हाइकाला बोलू द्या. मी बाबांना कोपर मारणार होते. पण बाबा बोललेच नाहीत. टेबलाकडे बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. चौतीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आईनं नाही, बहिणीनं नाही, मी तर नाहीच... आणि विचारलं शेवटी त्या ओळीनं. मला त्याचा राग आला. कुणाचा ते नीट ठरवता आलं नाही.

"आणि हाजीबाई, आपली काय इच्छा?"

आई म्हणाली, "तळमजला."

"एकदम तळमजला, हाजीबाई. सोख्नाचा समुद्र समोर. दार उघडलं की वाळू."

"पायरी?"

"एकसुद्धा नाही."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे बघितलं. मी म्हटलं, "आणि उरलेले एकावन्न आठवडे?"

"शाहिंदा," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर असं बोलतात का?"

"पाहुणे आपण आहोत, बाबा."

"कॉलेज सोडलंय हिनं," बाबा हैथमला म्हणाले. अगदी माफी मागितल्यासारखं.

मग त्यानं कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. बाबांनी काय करावं? कागद बाजूला सारला. मला वाटलं, चला, आलं डोकं ठिकाणावर. तर म्हणाले, "कागद होईल रे बाळा. आधी फातिहा वाचू."

म्हणजे बघा. फातिहा म्हणजे कुराणातलं पहिलं प्रकरण, सोयरीक ठरवताना वाचतात, दुकानात भागीदारी घालताना वाचतात, दोन्ही बाजूंनी हात वर धरून, आणि वाचली की शब्द दिला, मग जग इकडचं तिकडे होवो. टाइमशेअरसाठी फातिहा. हैथमच्या कागदावर याची ओळच नव्हती. तो साहेबाकडे बघायला लागला, साहेब दुसऱ्या टेबलावर. शेवटी त्यानंही तळवे वर धरले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी घेतलं म्हणून टाळ्या वाजत होत्या, त्या थांबल्या. बाबा डोळे मिटून पुटपुटतायत, तो पोरगा पुटपुटतोय, आई पुटपुटतेय. शेवटी 'आमीन' मीही म्हटलं. न म्हणून कसं चालेल?

मग सही. निम्मी रक्कम तिथेच, निम्मी दहाव्या दिवशी.

घरी येऊन मी कागद उलटसुलट वाचला. सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात: दहा दिवसांच्या आत लेखी कळवल्यास व्यवहार रद्द, पैसे परत. मी नाचले अक्षरशः. बाबांपुढे धरलं. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"फातिहा वाचलीय."

"बाबा, कागदावर लिहिलंय, रद्द करता येतं."

"कागदावर लिहिलंय. फातिहात लिहिलंय का? तुझ्या ताईचं ठरलं तेव्हा काय होतं आपल्या हातात? फातिहाच ना?"

"आणि तो नवरा कुवेतला गेला तो सहा वर्षं तिकडेच आहे."

"त्यानं काय केलं ते तो जाणे. आपण शब्द मोडला का? नाही ना?"

सांगा आता, याला काय म्हणायचं? हे लोक आपल्याला वाढवतात, आपल्याला शहाणपण शिकवतात, आणि यांचं शहाणपण असं की ठकवणाऱ्यानं ठकवावं, पण आपण शब्द मोडू नये. आठ दिवस मी बोलत होते. जेवताना, जिन्यात, न्हाणीच्या दाराबाहेरून. आठ दिवस तेच, फातिहा वाचलीय, आणि तुला काय कळतंय, तू कॉलेज सोडलेली. आईला म्हटलं, तू तरी बोल, गुडघे तुझे आहेत. ती टोपली खाली सोडत होती. म्हणाली, "बाप आहे तो तुझा. कळेल त्याचं त्याला." वग्दीच्या आईचा निरोप आला, गुरुवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, मी तरी किती थांबू?

नवव्या दिवशी मी एकटी हैथमकडे गेले. माझं म्हणणं सरळ होतं. फातिहा दोघांनी वाचली, तर दुसऱ्यानं मोकळं केलं की पहिला मोकळा. त्यानं बाबांना फोन करून एवढंच म्हणायचं. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तर तो ऐकत राहिला, आणि मधेच म्हणाला, "तू कॉलेज सोडलंस, असं काका म्हणाले."

"हो. मग?"

"नाही, काही नाही. मी पूर्ण केलं. वाणिज्यच. पहिल्या वर्गात." आणि त्यानं त्या खोलीभर हात फिरवला, टेबलं, फुगे, चहाचे पेले.

मग मी सगळं सांगितलं. पाचवा मजला, टोपली, तळमजला. विसाव्या नंबराचंही. का सांगितलं कुणास ठाऊक, त्याला काय गरज होती. त्यानं जरा वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग फोन उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"काका, हैथम बोलतोय. त्या फातिहाबद्दल... माझ्याकडून तुम्ही मोकळे आहात. मनापासून सांगतो. मनात काही ठेवू नका."

मला बाबांचा श्वास ऐकू येत होता. झालं, मी म्हटलं, सुटलो. गुरुवारच्या आत वग्दीच्या आईकडे.

"बाळा," बाबा म्हणाले, "तुझी नोकरी ठीक आहे ना?"

"हो काका, ठीक आहे."

"खरं सांग. बापासारखा आहे मी."

मी हातानं नको नको करतेय. आणि हा पोरगा म्हणतो, "महिन्याला पाच विकावे लागतात, काका. तीन झालेत. तुमचं गेलं की दोन राहतील. पण तुम्ही त्याचा विचार करू नका."

पण तुम्ही त्याचा विचार करू नका! तुम्हाला सांगते, त्यानं ते खरं सांगितलं, की ती कागदावरची पुढची कुठलीतरी ओळ होती, जी दोन महिन्यांत माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती, हे मला आजही कळलेलं नाही. चेहरा पडलेला होता त्याचा. पण चेहरा पाडायचंही शिकवतात तिथे.

दहाव्या दिवशी बाबा कोट घालून गेले. मला वाटलं, रद्द करायला. उरलेली रक्कम भरली आणि वर आणखी एक आठवडा घेतला. स्वतःहून. हैथमला म्हणे सांगितलं, "आता चार झाले ना तुझे? पाचवा तू बघ." दोन्ही आठवडे जानेवारीतले, कारण उन्हाळ्यातले परवडेनात. जानेवारीत सोख्नाला समुद्रात कोण उतरतं? मासे. आणि जागा चौघांची आहे आणि आम्ही तिघंच, म्हणून त्यांनी हैथमला आमंत्रण दिलं. "ये रे आमच्याबरोबर. कशी आहे जागा?" तर तो म्हणाला, "काका, मी अजून बघितलेली नाही." बाबा घरी येऊन हे सांगताना कळवळले हो. बिचारा, म्हणाले, रोज दुसऱ्यांना पाठवतो आणि स्वतः एकदाही गेला नाही. त्या पोरासाठी कळवळले. गुरुवारी वग्दीच्या आईच्या घरात एक नवं जोडपं राहायला आलं, विशीतलं, दोघांचे गुडघे ठणठणीत. खालून तीन-तीन पायऱ्या एकदम चढून ते आमच्याकडे ओळख करून घ्यायला आले.

ते गेल्यावर मी सज्ज्यात गेले. आई टोपली वर ओढत होती, टोमॅटो, पुदिना. मी म्हटलं, आई, तुला कुणी नीट सांगितलंय का, एक नाही, दोन आठवडे घेतलेत बाबांनी. पैसे संपले. खालचं घर गेलं. दोन आठवडे, आई. जानेवारीतले.

तिनं दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली.

"लागून आहेत का दोन्ही?"

"हो. लागून आहेत."

"मग बरं झालं," आई म्हणाली. "एकदा उतरलं की चौदा दिवस चढायला नको."