गल्लीतल्या सह्या

नगरपालिकेच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक आजीबाई आणि त्यांची शेजारीण होती. गल्लीतल्या मुलांच्या खेळांसाठी त्यांना एक संध्याकाळ रस्ता बंद करून हवा होता.

“झालं, आजी. ही घ्या परवानगी,” कारकून म्हणाला.

“आणि दरवर्षीसारख्या सगळ्या घरांच्या सह्या?”

“आता लागत नाहीत. सरकारनं अनुदान दिलंय, नियम सोपे केलेत. रस्ता अडवायला माणसंसुद्धा आम्हीच पाठवू.”

“पण मला आणायच्या असल्या तर?”

“कशाला उगाच पायपीट करता?”

दोघी बाजूच्या बाकावर बसल्या.

“बरं झालं की हो, काकू! दारोदार हिंडायचं वाचलं.”

“समोरच्या घरात माझी धाकटी बहीण राहते.”

“सख्खी? तुम्हाला कधी बोलताना पाहिलं नाही.”

“आई गेली तेव्हापासून बोलणं बंद आहे. पण सहीला दार उघडायची. चष्मा शोधायला आत जायची, तोवर मी उंबऱ्यात उभी. गेल्या वर्षी म्हणाली, ‘तुझा गुडघा फार सुजलाय, दाखव कुणाला तरी.’”

“मग?”

“दुसऱ्याच दिवशी दाखवला.”

“तर मग आता आमंत्रण द्यायला जा ना.”

“आमंत्रणाला नाही म्हणेल गं ती. सहीचं तसं नव्हतं. ते नगरपालिकेचं काम. त्यात तिलाही कमीपणा नव्हता, मलाही नव्हता.”

“चला, काकू. परवानगी तर मिळाली.”

“हो. मिळाली.”