बुद्धाचे डोळे राहिलेत

नांदेडच्या दवाखान्यात उज्वला डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसली होती. शेजारी लिंबाजी पेंटरची मोतीबिंदूची पट्टी नुकतीच निघालेली. त्याची बायको त्याला विचारत होती.

"अहो, दिसायलंय का? विहारातल्या भिंतीवर बुद्धाचे डोळे तेवढे काढायचे राहिलेत."

"दिसायलंय. पण पार्वती, तुझी साडी जांभळी हाय?"

"मग? तुमाला कोणती वाटली?"

"मातकट. समदंच मातकट दिसायचं, म्हणून बुद्धाच्या अंगावरल्या चीवरात म्या लाल रंग घालतच गेलो की गं!"

"लालभडक झालंय."

"गावाला दिसलं न्हाई?"

"समद्यांला दिसलं. म्हणले, बोलू नका, पेंटरला नजर आली की त्यांचं त्यांना कळंल."

"चल तर लवकर," लिंबाजी हसत उठला. "आधी चीवर, डोळे शेवटी."

"हसू नका, डोळ्यावर ताण येतो!"

जांभळी साडी बघायला उज्वलानं एक डोळा हळूच उघडला.