काचेला हळदीकुंकू

वल्लरी : आई, हात वर कर. हळदीचं बोट कुठं कुठं लावलंस?

रत्नप्रभा : अगं, आज खंडेनवमी! गेटवर वॉचमन सुखदेवभैयांच्या शिट्टीला लावलं, इथं तुझ्या कॉम्प्युटरला, आणि मशीनमधल्या या इवल्याशा काचेला.

वल्लरी : देवा! मी चहा आणायला काय गेले! त्या काचेवर सोन्याचा थर आहे.

रत्नप्रभा : सोनं म्हणून तर आधी तिलाच लावलं.

वल्लरी : आत्ता डॉक्टर येतायत. डेंग्यू ओळखून दाखवला तरच मशीन त्यांच्या हॉस्पिटलात जाणार. नाहीतर माझी सगळी मेहनत पाण्यात. आणि काच एकच उरलीय! रडू येतंय मला.

रत्नप्रभा : इथं मुरलीपुऱ्यात येईपर्यंत बाबांच्या इतक्या बदल्या झाल्या, प्रत्येक गावात मिक्सरची पूजा केली मी. एकदा तरी बिघडला?

वल्लरी : मिक्सरला काही ओळखायचं नसतं गं! इथं सोन्यावर दोन चौकोन आहेत. एकात डेंग्यूचं प्रथिन पकडणारे रेणू बसवलेत, दुसरा रिकामा. प्रथिन येऊन चिकटलं की सोन्यावरून परतणारा उजेड जरासा बदलतो. मतलब, प्रथिनाला वेगळा रंग लावायलाच नको.

रत्नप्रभा : रंग न लावता ओळखतं? मग माझी हळद ओळखली असेल.

वल्लरी : ओळखली ना! पडद्यावरची ही रेघ बघ, पार वर जाऊन बसलीय. धुऊन बघतेय, तरी पुरती खाली येईना. आम्ही दोन चौकोनांतला फरक मोजतो, आणि तू लावलंस एकालाच!

रत्नप्रभा : दुसरा रिकामा दिसला. रिकाम्याची कसली पूजा?

वल्लरी : थांब. कोयरी काढ. त्यालाही लाव. तेवढंच, त्याच बोटानं. दोन्हीकडचं सारखं झालं की वजा होईल.

रत्नप्रभा : शास्त्रात बसतं का हे?

वल्लरी : तुझ्या की माझ्या?

रत्नप्रभा : कुणाच्याही.

वल्लरी : नाही. लाव.

(दोन्ही चौकोन धुऊन होतात. दोघी पडद्याकडे बघत बसतात.)

रत्नप्रभा : श्वास घेऊ का?

वल्लरी : हळूच घे. रेघ थांबली, इथंच शून्य धरते. आता डेंग्यूचा नमुना सोडते... चढली! आई, रेघ चढली! डॉक्टरांना हेच तर दाखवायचंय!

रत्नप्रभा : म्हणजे माझी हळद गेली सगळी?

वल्लरी : नाही. थोडी राहिलीच आहे.

रत्नप्रभा : अगंबाई! मग आता?

वल्लरी : राहू दे. शून्य तिथूनच धरलंय.