साहेबांच्या लॉनवरचे पिवळे डाग

लॉनबिनच्या नादाला लागू नका राव! पिंपरीला आमचा कारखाना नवा नवा होता, तेव्हाची गोष्ट. मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यापुढे झकास लॉन होतं. थंडी सुरू झाली आणि त्यावर भाकरीएवढे पिवळे डाग पडायला लागले. साहेब धोंडिबा माळ्यावर खवळले. "पाणी नीट घालत नाहीस तू! डाग गेले नाहीत तर तू जाशील!"

धोंडिबाने सगळा आळ साहेबांच्या कुत्र्यावर ढकलला. "त्येच मुततंय सायेब. गवत जळणारच की!" साहेबांना पटलं. कुत्रा साखळीने बांधला. तो बिचारा दिवसभर केकाटायचा, आणि डाग आपले वाढतच होते.

शेवटी साहेबांनी मला, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाला, धोंडिबाबरोबर पाळतीवर बसवलं. पहाटेपासून आम्ही दोघं मेंदीच्या कुंपणामागे कुडकुडत बसलो.

उजाडलं तसे साहेबच बाहेर आले. गळ्याला मफलर, हातात तांब्या. त्यांचा घसा बसलेला, म्हणून डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. साहेबांनी मान वर करून खळखळून गुळणी केली आणि थुंकले ते थेट लॉनवर. मग जरा सरकून दुसरी. एवढ्या मिठाने बाभळसुद्धा जळाली असती!

तोंड पुसून त्यांनी कुंपणाकडे बघत हळूच विचारलं, "काय रे, सापडला का चोर?"

मी तर कुंपणामागे आणखीच खाली दडलो. धोंडिबा मात्र उठला, मुंडासं सारखं केलं आणि म्हणाला, "व्हय सायेब, घावला. आधी कुत्र्याला सोडतो, मंजी साखळी मोकळी व्हईल."