लाल शेपटीची माशी

हॅलो?… बोला, गुरुदत्त भावजी.… हो, ओळखला आवाज. पाच महिन्यांनी ऐकला, तरी ओळखला.

रागावले नाहीये. काम सांगा.

कुठलं दुकान?… अच्छा, गळाला लावायच्या माश्या. श्रीधर कुठून मागवायचा… कुठूनच नाही. मी बांधायचे.… मी. तुमची वहिनी.… हसून झालं की सांगा.

हो, मी मासे खात नाही. गळही कधी टाकला नाही, तो श्रीधर टाकायचा. मी पाण्यातले दगड उलटून बघायचे, खाली कुठल्या अळ्या आहेत, केवढ्या आहेत. मग घरी येऊन पिसं आणि दोरा घेऊन तशाच बांधायच्या.… हो, अकरा वर्षं. नदीचं पाणी तपासणं ही माझी नोकरी आहे भावजी, त्यात नवल काय?

तुम्हाला कसं माहीत असणार. तेराव्याला ड्युसेलडॉर्फहून आलात, मी पानं वाढत होते आणि तुम्ही कपाटातून त्या माश्यांची पेटी उचललीत. न विचारता.… दादाची आठवण. बरं.

किती उरल्यात?… एक?… चाळीस होत्या.… झाडांवर अडकल्या. आणि मासा?… एकही नाही.

आधी मोठ्या, चकचकीत लावल्या असतील.… वाटलंच. त्या जूनमधल्या ट्राउटसाठी होत्या. आता ऑक्टोबर, ट्राउट धरायला बंदी. राहिला ग्रेलिंग, त्याचं तोंड एवढंसं, त्याला बारीक माशी लागते. तुम्ही वरून बघून सुंदर दिसेल ती उचलता. मासा खालून बघतो.

उरलीय ती कशी आहे?… बारीक. मोरपिसाचं अंग… शेपटी लाल आहे का?

ती लावू नका.… कारण आहे. ती शेपटी आईंनी विणलेल्या स्वेटरच्या लोकरीची आहे. दवाखान्यात बांधली मी, त्याच्या पलंगाशेजारी बसून. त्याने ती पाण्याच्या ग्लासात टाकली, ग्लास डोळ्यांच्या वर धरला आणि म्हणाला, ही चालेल. चार दिवसांनी गेला.… मला परत पाठवा.

बदल्यात?… नाही. नव्या बांधून देणार नाही.… दादाने दिल्या असत्या, बरोबर. त्याने तुम्हाला सगळंच दिलं. मी देत नाही.

हा आवाज कसला?… नाही, तो कर्रकर्र आवाज. गळाच्या दोऱ्याचं रीळ आहे ते.… तुम्ही आत्ता नदीत उभे आहात? मोबाइल खांद्याशी धरून?… आणि तीच लावलीत.

ओढू नका. भावजी, ऐका, ओढू नका. ग्रेलिंगचे ओठ मऊ असतात, फाटतात.… काठी उंच. दोरा ढिला पडू देऊ नका… पळतोय तर पळू द्या.… फांदी कुठल्या बाजूला?… मग उजवीकडे चाला. हळू.… दमला? जाळं आधी पाण्यात बुडवा. आता त्याला जाळ्यावर आणा.

केवढा आहे ते मी विचारलं नाही. माशी आहे का?… ओठात. कापू नका. उलटी ढकला, गळाला उलटा काटा नाहीये, सुटेल.… … सुटली? शेपटी आहे?… लाल आहे. बरं.

उद्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. पेटीसकट.… नाही, जेवायला येऊ नका.

आणि आधी वाळवा तिला. ओली बंद केली तर गळ गंजतो.… आभार नकोत. तुमच्यासाठी नाही केलं.… ठेवते.